अविवाहित, आश्रित

"लग्न करायचं नाही म्हणता, मग आलात कशाला?"

शांताराम सुभेदारांनी हे विचारलं तेव्हा विलास खानझोडेच्या हातातला चहा निवत चालला होता. अयोध्या नगरातल्या त्या घराच्या व्हरांड्यात दोघे समोरासमोर बसले होते. कारखान्याची पाळी नुकतीच सुटली होती. समोरच्या रस्त्यावरून स्कूटर आणि सायकली टाउनशिपकडे परतत होत्या.

फौजेतून निवृत्त झाल्यावर सुभेदारांनी त्याच कारखान्याच्या गेटवर नोकरी केली होती. आधी माणसाचा चेहरा बघायचा, पास नंतर, अशी त्यांची रीत. आणि या माणसाचा चेहरा त्यांना पहिल्यापासून पटला नव्हता.

मुलीला, कांचनला, ते डायलिसिसला न्यायचे तेव्हा शेजारच्या मशीनवर याची आई असायची. आई गेली. तरी हा येत राहिला, कांचनशी बोलत बसू लागला. सुभेदारांना वाटलं, किडनीचा दलाल असणार. जवाहर चौकात जाऊन त्यांनी लांबून पाहूनही घेतलं. चष्म्यांचं दुकान सांगत होता, ते खरंच होतं. पण त्यामुळे संशय गेला नाही, उलट वाढला. चाळिशीचा, धडधाकट, दुकानदार माणूस. त्याला आजारी मुलगी कशाला हवी?

"लग्न मला करायचंच होतं, काका," विलास म्हणाला. "पण..."

"पण काय? हे घर माझ्यामागे तिचंच आहे. तेही माहीत असेल तुम्हाला."

"घर नको मला."

"सगळे असंच म्हणतात."

"बाबा, लग्न नको असं मीच सांगितलंय त्यांना."

सुभेदारांनी मान वळवली. कांचन दारात उभी होती. सुया टोचून टोचून फुगलेला डावा हात तिने ओढणीखाली घेतला होता.

"माझं डायलिसिस कशावर चाललंय?" ती म्हणाली. "तुमच्या फौजेच्या कार्डावर. तिथे माझ्या नावापुढे काय आहे? अविवाहित, आश्रित. उद्या डोक्यावर अक्षता पडल्या की मी त्यातून बाद. यांचं दुकान विकलं तरी ते पुरून पुरून किती पुरणार?"

"मी विकायला तयार होतो," विलास हळूच म्हणाला.

"आणि मग खाणार काय?" कांचन त्याच्यावर उखडली. हे भांडण दोघांत आधीही झालं असावं.

"म्हणजे सरकारला फसवायचं," सुभेदार म्हणाले.

"फसवणं कसलं त्यात? मी इथेच राहीन, तुमच्यापाशी. अविवाहितच राहीन. हे इथे राहायला येतील."

"कोण म्हणून?"



सुभेदार विलासकडे रोखून पाहत राहिले. हा नजर चुकवेल म्हणून त्यांनी वाट पाहिली. त्याने चुकवली नाही.

"डॉक्टरांनी सगळं सांगितलंय तुम्हाला? पुढचं?"

"सांगायला कशाला हवं? आईचं शेवटपर्यंत मीच केलं."

"तरीही?"

"तरीही."

"का पण?"

विलासने कप खाली ठेवला. "हिच्याशी बोललो की दिवस बरा जातो, काका. दुसरं काही सांगता येत नाही मला."

उत्तर फारच साधं होतं. इतक्या साध्या उत्तरावर सुभेदारांनी आजवर कुणालाही आत सोडलं नव्हतं. याच्या मागे आणखी काय असेल, हे ते शोधू लागले. त्यांना काही सापडेना.

तेवढ्यात फाटक करकरलं. शेजारचे रमेशजी त्यावर कोपरं टेकून उभे होते. केव्हापासून, कोण जाणे.

"सूबेदार साब, मेहमान आए हैं? बिटिया के रिश्ते की बात है क्या?"

कांचन जागीच थिजली. विलास उठू लागला. सुभेदारांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"किराएदार हैं," ते म्हणाले. "ऊपर का कमरा देखने आए हैं."

रमेशजींनी विलासला नखशिखांत न्याहाळलं. मग आवाज उतरवून, पण त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "अकेले आदमी को मत देना, भाईसाब. घर में लड़की है. आजकल किसका भरोसा?"

सुभेदारांनी विलासच्या गुडघ्यावरचा हात काढला नाही.

"अकेले नहीं हैं," ते म्हणाले. "फैमिली है."