आधी तुमचा नंबर

“आमचं काय, आम्ही थांबू,” दातांच्या डॉक्टरीणबाईंचा नवरा म्हणाला.

बाळ समोरच होतं. अनाथालयाची मोठी बाई त्याला खांद्यावर घेऊन उभी होती आणि ते तिच्या चष्म्याची दोरी मन लावून चघळत होतं. डॉक्टरीणबाईंना सवयीने आधी हिरडीच दिसली. खालचा एक दात यायच्या बेतात होता.

“थांबू म्हणजे?” मोठी बाई म्हणाली. “नंबर तुमचा आहे. दोनदा सोडलात. आज सोडलात तर नाव कटेल, आणि या वयात पुन्हा लागणार नाही. मागच्या वेळीच बजावलं होतं.”

“ते खरं हो. पण यांचाही शेवटचाच चान्स आहे ना.” नवऱ्याने बाकावरच्या मास्तराकडे आणि त्याच्या बायकोकडे हात केला.

घोळ झाला होता तो इथेच. या मंडळींचा काही भरवसा नाही म्हणून मोठ्या बाईने रांगेतल्या पुढच्या दोन जोडप्यांनाही बोलावून ठेवलं होतं. त्यातलं पहिलं नेमकं यांच्याच मंडळातलं निघालं.

मंडळ परोपकाराचं. आपल्याआधी दुसरा, हा त्याचा नेम, आणि नेम असा कडक की बोलायची सोय नाही. एक सभासद तापाने फणफणत औषधाच्या दुकानात गेला आणि मागच्यांना पुढे सोडत सोडत दुकान बंद होईपर्यंत उभा राहिला. तोवर तापच कंटाळून निघून गेला होता. आणखी एकाने एक मूत्रपिंड दान केलं, आणि दुसरं स्वतःसाठी ठेवून घेतलं म्हणून वर्षभर मान खाली घालून हिंडला. गेल्या वर्षी मंडळाने आपल्याच माणसांची पाहणी केली. आईबाप झालेले सभासद मोजायला एक हात पुरला, वर चुटकी वाजवण्यापुरती बोटं उरली. मग चर्चा झडली. कुणी म्हणालं, कामातून सवड कुठे आहे. कुणी म्हणालं, जगात आधीच पोरं काय थोडी आहेत. ‘तुम्हाला हवंय का हो?’ असं मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. डॉक्टरीणबाई त्या सभेत शेवटच्या रांगेत बसून होत्या. पुढची खुर्ची त्यांनी कुणाला तरी दिली होती.

मास्तर ताडकन उठला. “छे छे, दादा, भलतंच काय! तुमच्या हक्काचं आहे. आणि आमच्या खोल्या अंधाऱ्या.”

“आमच्याकडे ऊन येतं, पण बघायला घरी असतं कोण? तुम्ही दुपारी मोकळे.”

“मला निदान शाळेतली पोरं तरी आहेत.”

“मग हिला पेशंट आहेत की!” नवरा उत्साहाने म्हणाला.

“अहो, बाळ आहे ते,” मोठी बाई ओरडली. “बसमधली सीट नव्हे!”

मास्तराच्या बायकोने पर्समधून लोकरीचं इवलंसं टोपडं अर्धं बाहेर काढलं होतं. डॉक्टरीणबाईंशी नजरानजर झाली तशी तिने ते परत आत कोंबलं आणि चेन लावून टाकली.

“डॉक्टरीणबाई, या पुरुषांचं राहू द्या,” मोठी बाई म्हणाली. “तुम्ही बोला. हवंय की नको?”

उत्तर त्यांनी सकाळी आरशासमोर घोटून पाठ केलं होतं. ‘हवंय. मला हवंय.’ त्यांनी तोंड उघडलं. भुलीचं इंजेक्शन टोचल्यासारखा सगळा जबडा बधिर झालेला. आवाज मात्र स्वच्छ आला. पेशंटला चूळ भरायला सांगताना यायचा तसा.

“यांना द्या.”

“नको,” मास्तराची बायको जमिनीकडे बघत म्हणाली. “डॉक्टरीणबाईंनाच द्या.”

दोघे नवरे एकमेकांकडे बघून कौतुकाने हसले.

मोठ्या बाईने कपाळावर हात मारून घेतला. “पुढचं कोण?”

“आम्ही!” कोपऱ्यातला टायरवाला बायकोला पुढे ढकलत आला. “सरका हो, सरका. सही कुठे करायची?” कुणाची गरज मोठी, हे त्याने विचारलं नाही. त्याच्या बायकोने तर बाळ ओढूनच घेतलं आणि बाळाच्या मानेत तोंड खुपसून ती हुंदके देऊ लागली. मग सही तिचीही लागते असं कळलं. तिने गोंधळून इकडेतिकडे पाहिलं आणि बाळ डॉक्टरीणबाईंच्या हातात ठेवलं.

“धरता का जरा?”

दिसत होतं त्यापेक्षा ते जड होतं. गरम होतं. डॉक्टरीणबाई काहीतरी वाटायची वाट पाहत उभ्या राहिल्या. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

“बघ गं, किती आनंद झालाय त्यांना,” नवरा हळूच म्हणाला.

“झालं. द्या इकडे.” टायरवाल्याच्या बायकोने दोन्ही हात पुढे केले.

डॉक्टरीणबाईंनी दिलं. एक हात मानेखाली, एक कमरेखाली, घेणारीला जराही त्रास होऊ नये अशा बेताने. द्यायला त्यांचा हात चांगला बसलेला होता.