पान्यांची पेटी

रामाजींनी कपडे धुण्याच्या मशीनचं मागचं झाकण काढून भिंतीला टेकवलं. आत हात घातला आणि तुटका पट्टा बाहेर ओढून उन्हात धरला.

"पाह्य वं. एवढ्याशासाठी बंद. आन पोट्टा म्हणते, नवीन मशीन घेऊ."

"त्याचं काय, उद्या नवीन माय घेऊ म्हणेल," पंचफुलाबाई म्हणाल्या.

त्या मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बोटं शेंगांवर होती, डोळे नवऱ्याच्या हातांवर. झाकणाचे स्क्रू त्यांनीच वाटीत ठेवायला लावले होते. वाटी पायाशी घेऊन बसल्या होत्या, मांजरीनं दूध सांडू नये म्हणून बसावं तशा.

दुर्गेश खांद्यावर टॉवेल टाकून दारात आला.

"बाबा, मिक्सर उघडला होता तुमी, तो अजून पिशवीत हाये. पंखा उघडला, तो माळ्यावर पडून हाये. आज हे मशीन लागलं नाही तं ही पान्यांची पेटी मी भंगारवाल्याले देऊन टाकीन. खरंच सांगून राहिलो."

तो रागानं बोलला असता तर पंचफुलाबाईंनी ऐकून घेतलं असतं. तो लहान लेकराला समजावल्यासारखा बोलला. तेच त्यांना झोंबलं.

"आधी आंघोळीले जाय. भंगाराचा वास तुह्याच अंगाचा येऊन राहिला."

दुर्गेश हसला आणि आत गेला. न्हाणीचा नळ सुरू झाला.

रामाजींनी मोटारीचे नट ढिले केले, मोटार थोडी सरकवली, पेटीत जपून ठेवलेला नवा पट्टा पुड्यातून काढला. आणि थांबले. पट्टा उलटा केला, ताणून पाहिला, मनगटात बांगडीसारखा घातला आणि काढला. मग मशीनकडे असे पाहू लागले, जसं कोणी ओळखीचं माणूस दारात उभं आहे आणि नाव आठवत नाही.

ही नजर पंचफुलाबाईंनी मिक्सरच्या वेळी पाहिली होती. पंख्याच्याही. दोन्ही वेळा त्यांनी लेकाला सांगितलं होतं, मीच मधातून उठवलं त्याईले, म्हणून राहिलं काम.

"अवो, लहान चाकावर घाला ना आधी. मंग मोठ्या. काढताना काय माह्यं तोंड पाहत होते?"

"कोणतं चाक?"

"नाकासमोर हाये ते!"

रामाजींनी खरंच नाकाला बोट लावलं. शेंड्यावर काळा ठिपका उमटला. पंचफुलाबाईंना हसू आलं नाही.

पट्टा त्यांनी स्वतःच चढवला असता. कोणता भाग कुठून निघाला, सगळं त्यांना पाठ होतं. पण मग ती पेटी या माणसाची कशी राहिली असती?

"अवो... दुर्गेशचे बाबा... ऐकून राहिले का?"

रामाजी पट्ट्याकडे पाहत होते. आत नळ बंद झाला.

पंचफुलाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि उठल्या. लग्न होऊन जन्म गेला, पण उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. घरात त्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलंही नव्हतं. रामाजी मिलमध्ये कामाला होते तेव्हा एक तिथला साहेब तेवढा हाक मारायचा. मिलमध्ये यंत्र अडलं की सायकलवरून यायचा आणि फाटकातूनच ओरडायचा.

त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं. पोट आत ओढलं, आवाज जाड केला.

"रामाजी! मशीन काहून बंद हाये?"

रामाजींची पाठ ताठ झाली.

"झालंच साहेब."

आणि हात चालू लागले. पट्टा लहान चाकावर बसला, मोठ्या चाकाला भिडला, चाक हातानं फिरवताच आपल्या जागी सरकला. मोटार मागे ओढून अंगठ्यानं ताण पाहिला, नट आवळले, झाकण लावलं. पंचफुलाबाई वाटी धरून उभ्या होत्या. शेवटचा स्क्रू गेल्यावर त्यांनी ती पालथी करून पाहिली.

दुर्गेश ओले केस विंचरत बाहेर आला. त्यानं प्लग लावला, बटण फिरवलं. मशीन एकदा कण्हलं आणि गरगर फिरायला लागलं. तो मशीनकडे पाहत राहिला, मग बापाच्या काळ्या नाकाकडे.

"मस्त, बाबा," तो हळूच म्हणाला. मग आईकडे वळला. "तू काहून ओरडून राहिली होती वं? न्हाणीत आवाज आला. त्याईले शांतपणे काम करू देत जाय ना."

"देवानं तोंड देल्लं, तं ओरडीनच."

दुर्गेशनं पाने गोळा केले, पेटीत भरले आणि पेटी जिन्याखाली तिच्या जागेवर सारून ठेवली. मग आत निघून गेला.

रामाजींनी नळाखाली हात धुतले, पायजम्याला पुसले. पंचफुलाबाईंच्या पुढ्यात येऊन थोडे वाकून उभे राहिले. नजर जमिनीवर.

"साहेब, आता सुट्टी द्या. उशीर झाला का बायको लय बोलते."

पंचफुलाबाईंनी पदर नीट केला. पोट आत ओढून आवाज पुन्हा जाड केला.

"जाय, रामाजी. आज नाही बोलत ती."