स्मृतिदिनाचा धूर

पंचशील म्हणून झालं आणि लोक उदबत्त्या घेऊन रांगेत उभे राहिले. मीनाबाईंचा पहिला स्मृतिदिन होता. घरासमोर मांडव, पांढऱ्या कापडावर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि खाली मीनाबाईंचा फोटो. कागलचे पाहुणे, गडहिंग्लजचे पाहुणे, जो तो आपला उदबत्तीचा पुडा घेऊन आला होता. वाळूच्या ताटात काड्या मावेनात, तेव्हा कुणीतरी केळ्यांत खोचायला सुरुवात केली.

फोटोशेजारी मीनाबाईंचे मालक, अण्णासो, खुर्चीत बसले होते. शेवटचा पाहुणा वंदन करून जाईपर्यंत घरच्या कर्त्यानं उठायचं नाही, ही भावकीची रीत. त्यांचे खांदे वर-खाली व्हायला लागले.

"रडू दे त्याला," बनाबाई आत्ती म्हणाली. ती अण्णासोंची थोरली बहीण. तिनं भावाच्या पाठीवरून हात फिरवला. "वरीस झालं, डोळ्यातनं टिपूस काढलं न्हाय. आज मोकळं होतंय."

अण्णासोंची मुलगी श्रुती चहाचा ट्रे घेऊन येत होती. तिनं ट्रे पायरीवर ठेवला. वडिलांचे डोळे कोरडे होते. गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. तिनं वाकून कान लावला. छातीतून बारीक शिट्टी येत होती.

"आत्ती, हे रडणं नाही. दमा आहे."

"व्हय की. पण दुःखानंच आलाय न्हवं?"

"कशानं का येईना."

ती घरात जाऊन निळा पंप आणि त्याला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं घेऊन आली. फडताळात शेजारीच दुसरा पंप होता, रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. त्याच्या मागच्या खिडकीत उरलेल्या मात्रांचा आकडा दिसायचा, त्र्याऐंशी. मागच्या महिन्यात ती आली होती तेव्हाही तिथं त्र्याऐंशीच होता.

"अण्णा, तोंड उघडा."

अण्णासोंनी तिचा हात बाजूला केला. "ऱ्हाऊ दे."

"का?"

"कुणासाठी..." एका दमात एवढंच निघालं.

रांग थांबली. बौद्धाचार्यांनी माइक खाली केला. या प्रश्नाची सगळी उत्तरं श्रुतीची फोनवर देऊन झाली होती.

तिनं मांडवातला पाण्याचा जग उचलला आणि वाळूच्या ताटात रिकामा केला. चर्र झालं. केळ्यांतल्या काड्या उपटून तिनं त्यातच बुडवल्या.

आत्ती ताडकन उभी राहिली. "आईपुढची उदबत्ती विझवतीस? शिकलीस ते ह्येच व्हय?"

"अण्णांच्या दम्यापायी आईनं तीस वर्षं या घरात उदबत्ती पेटवली नाही, आत्ती. तुम्ही आणलेले पुडे ती गल्लीत वाटून टाकायची. तुम्ही कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही."

आत्ती फोटोकडं वळली.

"प्रसेनजीत, गाडी दारात लाव," श्रुती भावाला म्हणाली. "दहा मिनिटांत उतार पडला नाही तर दवाखाना." मग ती वडिलांसमोर खाली बसली. "कुणासाठी ते मला माहीत नाही. उद्या मनाच्या डॉक्टरांकडं नंबर लावलाय, ते तिथं सांगा. आत्ता फक्त तोंड उघडायचं."

"मनाच्या?" आत्ती म्हणाली. "माझा भाऊ खुळा हाय व्हय?"

"छातीच्या डॉक्टरांनी औषध दिलंय. अण्णांना ते घ्यावंसंच वाटत नाही, त्याला छातीचे डॉक्टर काय करणार?"

तिनं नळकांडं पुढं धरलं. अण्णासो तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी ते ओठांत धरलं.

तिनं पंप दाबला. त्यांनी सावकाश श्वास ओढला. पुन्हा दाबला. मांडवात पन्नास माणसं होती आणि एकाच माणसाचा श्वास ऐकू येत होता. चौथ्या दाबानंतर थोड्या वेळानं खांदे खाली आले. शिट्टी होती, पण आता कान लावावा लागत होता.

"कितीला?" अण्णासोंनी विचारलं.

"काय?"

"उद्याचा नंबर."

"साडेदहाला."

"अक्कालाबी घे संगट." त्यांनी बहिणीकडं मान वळवली. "रातभर जागी असती... आणि मला खुळा म्हणती."

रांगेत कुणीतरी हसलं. आत्ती हसली नाही. पदर तोंडाला लावून ती खाली बसली.

तेवढ्यात शाहूवाडीकडचं एक कुटुंब मांडवात शिरलं. पुढच्या म्हाताऱ्यानं चपला काढल्या, खिशातून उदबत्तीचा पुडा काढला, काडेपेटी चाचपली. श्रुती उठायला लागली. अण्णासोंनी खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं.

"पावणं," ते म्हणाले. श्वास घेतला. "काडी ऱ्हाऊ द्या. फुलं वाहा."

म्हाताऱ्यानं काडेपेटी परत खिशात सारली.

"आमच्या हिला," अण्णासो म्हणाले, "धूर चालत न्हाय."