चालेल तेवढी माती

माचाकोसच्या डोंगरउतारावर सभा भरली होती. जमीन खात्याचे साहेब म्हणाले, "दर वर्षी एकरी किती माती वाहून गेली तर चालेल, ते आज ठरवू या."

"मूठभरसुद्धा नाही!" वरच्या शेतातली विधवा स्योकाऊ कडाडली.

तिच्या खालच्या शेतातला विधुर मुलवा चाचरत म्हणाला, "एवढं कडक कशाला, साहेब? थोडी जाऊ द्या की!"

सगळे खो खो हसले. त्याचा मका दरवर्षी एवढा का माजतो, ते आज उघड झालं होतं.

स्योकाऊनं हट्टानं बांध घातले. माती अडली, मुलवाचा मका खुरटला. एके सकाळी तो धापा टाकत तिच्या दारात उभा राहिला.

"माती खाली यायची थांबली, म्हटलं आता आपणच वर राहायला यावं. चालेल?"

स्योकाऊ लाजली. "चालेल. पण येताना माझी माती घेऊन ये."