आठवा गडी

"उजवा कोपरा, घोटा! त्याचा घोटा धर!" बाबाराव दोरीबाहेरून जिवाच्या आकांतानं ओरडला.

कोपऱ्यातला गडी घोट्यावर झेपावला, पण घोटा तिथं नव्हताच. बेज्जूरच्या सडपातळ कप्तानानं पाय आधीच उचलला होता. गडी मातीत तोंडावर आपटला, कप्तान त्याच्या अंगावरून उडी मारून मध्यरेषेपलीकडे गेला, आणि पंचानं शेवटची शिट्टी फुंकली. एकेचाळीस विरुद्ध बारा. तेलुगू मुलखातल्या मावल्याच्या मैदानावरचा, शहाऐंशी सालचा हुतूतूचा अंतिम सामना संपला.

सलग सहावी हार, आणि सहाही वेळा बेज्जूरकडूनच. बाकीच्या संघांना कसंबसं लोळवायचं, अंतिम सामन्यात पोचायचं आणि बेज्जूरपुढं नांगी टाकायची, असा बाबारावच्या गावाच्या संघाचा रिवाजच पडला होता. यंदा निघताना गावानं बजावलं होतं, आता हरलात तर पुढच्या वर्षी संघ पाठवायचा नाही. नामुष्की पुरे झाली.

वांगी-मिरच्या लावणारा बाबाराव आयुष्यात कधी आखल्या मैदानात उतरला नव्हता. एका दमात चारदा हुतूतू म्हणताना त्याला धाप लागायची. पण नजर घारीची होती आणि गळा भोंग्याचा. आतल्यांना जे दिसत नसे ते त्याला बाहेरून दिसे, आणि दिसलं की तो ओरडून सांगे. सात गडी आत, आठवा बाहेर, असं गावच म्हणायचं. समोरचे संघ तेलुगू किंवा हिंदी बोलणारे. म्हातारा शिव्या घालतोय असं समजून ते हसायचे, आणि हसता हसता पकडले जायचे. याच गळ्यावर गावानं चार वर्षं ढाल नेली होती. मग बेज्जूरची ही रानातली अनवाणी पोरं यायला लागली आणि ग्रह फिरले.

लिंबाच्या सावलीत गावची मंडळी घामानं थबथबलेल्या पोरांना घेरून उभी राहिली. पाण्याचा तांब्याही कुणी पुढं केला नाही.

"खेळच राह्यला नाई पोरांत," किराणा दुकानवाला चंपतराव म्हणाला. "ना पकड, ना दम. आमच्या वक्ताले एक एक गडी सागाच्या खोडावानी उभा राहे."

"मी नरडं फोडून सांगून राह्यलो," बाबारावनं त्याचीच री ओढली. आवाज पार बसला होता. "कोन्या बाजूनं येते, कोठं धराचं, सगळं सांगतो. तरी तुमाले एक पाय धरता येत नाई?"

कप्तान दौलत त्याचा सख्खा पुतण्या. कोपरावर सोललेल्या जागेवरची माती पुसत तो म्हणाला, "काका, आमी हालाच्या आधी ते हालतात. आमच्या मनातलं वळखल्यावानी."

"नाचता येईना, अंगण वाकडं! तुह्या मनात हाय काय वळखाले?"

मंडळी हसली. दौलत हसला नाही. त्यानं एक नंबरची बनियन अंगातून काढली, घडी घातली आणि काकाच्या हातात ठेवली.

"मंग तुमीच खेळा," तो म्हणाला, आणि उघड्या अंगानंच जीपकडं चालू लागला. बाकीचे सहाही त्याच्यामागं गेले. मंडळी पांगली. कुणी काही जाहीर केलं नाही, पण संघ तिथंच मोडला हे सगळ्यांना कळलं.

बाबाराव ओली बनियन घेऊन लिंबाखाली उभा राहिला. त्याला रडू येत होतं. मूलबाळ नसलेल्या माणसानं वीस वर्षं एकाच गोष्टीवर जीव लावला होता, आणि आपल्याकडून तसूभरही कसूर केली नव्हती. त्याला पोरांचा राग आला, आणि त्याहून जास्त त्यांची कीव आली.

तेवढ्यात कुणीतरी वाकून त्याच्या पायाला हात लावला. बेज्जूरचा कप्तान. गळ्यात झेंडूचा हार, गुडघे मातीनं माखलेले.

"अच्छा खेला रे," बाबाराव कसंबसं म्हणाला. "तुमारा नसीब अच्छा है."

"हिंदी काऊन बोलता मामा?" कप्तान म्हणाला.

बाबाराव दचकला. "तुले मराठी येते?"

"येनारच नं. माही माय प्राणहिता नदीच्या पल्याडची, मराठी मुलखातली, अहेरीकडची. आमच्यातल्या चौघांच्या माया तिकडच्याच. उन्हाळा लागला का नाव धराची अन् मामाच्या गावी जाचं." पोरगं मनापासून बोलत होतं, तोंडावर चेष्टेचा लवलेशही नव्हता. "तुमची नजर लई पक्की हाय मामा. तुमी घोटा म्हनले का मी पाय उचलतो. कंबर म्हनले का खाली बसतो. आतापावतो तुमचा एक शब्द चुकला नाई."

जीप सुरू झाल्याचा आवाज आला. बाबाराव गर्रकन वळला. मागच्या फळीवर उघड्या अंगानं मान खाली घालून दौलत बसला होता. बाबारावनं हाक मारायला तोंड उघडलं. घशातून नुसता वारा आला. जीप भैंशाच्या रस्त्याला लागली आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली.

कप्तान अजून तिथंच उभा होता. त्यानं गळ्यातला हार काढला आणि अदबीनं बाबारावच्या गळ्यात घातला.

"पयल्या साली तं मामा," तो म्हणाला, "आमाले वाटलं, तुमी आमच्याच बाजूनं वरडून राह्यले."