हिरामणच्या नावावर

देसलेसाहेबांनी नेटवर्कचं कपाट उघडलं आणि चैतालीने नाकाला ओढणी लावली. पतसंस्थेचे सगळे कॉम्प्युटर जोडणारा स्विच आत होता आणि त्याच्या डोक्यावर गुटख्याच्या थुंकीने अर्धा भरलेला प्लास्टिकचा ग्लास. शी! दाराच्या आतून खडूने लिहिलं होतं 'हिरामण', खाली पासवर्ड.

"हिरामण आमचा शिपाई," साहेब म्हणाले. "स्विच बसवला तेव्हा तोच समोर होता, म्हणून त्याच्या नावाने खातं उघडलं. आता सगळे तेच वापरतात. कोण लक्षात ठेवणार एवढी नावं?"

शनिवारी कुणीतरी या स्विचमध्ये भलतंच काहीतरी केलं आणि नाशिकच्या सगळ्या शाखा ठप्प झाल्या. मुंबईचं मुख्य कार्यालय भडकलं होतं. म्हणून आजपासून स्विचला कुणी हात लावला, की त्याचं नाव पुण्याच्या आणि मुंबईच्या सर्व्हरला आपोआप कळायला हवं. चैतालीला कंपनीने त्यासाठीच पाठवलं होतं. तिने लॅपटॉप जोडून दोन्ही सर्व्हरचे पत्ते टाकले आणि स्विचमधले जुने मेसेज, म्हणजे कुणी कधी काय बदललं त्याच्या नोंदी, उघडल्या. शनिवारच्या ओळीवर हिरामणचं नाव होतं.

"शनिवारी हिरामण इथे होते?"

"छे! हरसूलला गेला होता, भाचीच्या लग्नाला." साहेब खुदकन हसले. "मीच माझ्या केबिनचं नेट वाढवायला गेलो. मॅच होती ना! पण नाव त्याचं आलंय, बरंच झालं. तेवढी ओळ मुंबईला पाठवून द्या."

"अहो साहेब, नोकरी जाईल त्यांची!"

"त्याला काय, कुठेही झाडलोट मिळेल. मला मानाने रिटायर व्हायचंय." साहेब ग्लासात पचकन थुंकले आणि तो परत स्विचवर ठेवला.

चैताली दोन पावलं मागे सरकली. असल्या माणसाला साहेब म्हणायचं! "आधी प्रत्येकाचं वेगळं खातं काढू," ती म्हणाली.

"काम झाल्याची सही मला करायचीय, मॅडम. सांगितलंय तेवढं करा."

तिने आपल्या कंपनीत अमोलसरांना फोन लावला. तेही म्हणाले, सांगितलंय तेवढं कर. तिने ओळ पाठवली. मग तिला स्वतःच्या बोटांचीच किळस आली. ती बोटं ओढणीला पुसत राहिली.

हिरामण चहा घेऊन आला. शर्टावर लग्नातली हळद अजून तशीच होती. लॅपटॉपकडे बघून तो थबकला. "हे माझं नाव हाय ना? इंग्रजीतलं पोरीनं शिकवलंय मला. कुठं चाललंय?"

"मुंबईला," साहेबच म्हणाले. "मोठ्या ऑफिसात."

"माझं?" हिरामणने घाईघाईने कप ठेवले आणि साहेबांना हात जोडले. "लय उपकार झाले, साहेब." मग खिशातून मोबाइल काढला. "पोरीला दाखवतो. मॅडम, तुमीच पाठवलं ना? मग तुमीबी या फोटोत."

साहेब केसांवरून हात फिरवत केव्हाच शेजारी येऊन उभे राहिले होते. हिरामणने हात लांब करून मोबाइल धरला.

"मॅडम, हसा की!"