पोपटाचे चार कागद

"सांगून कोणाला पटणार नाही," सासरे साबणवाल्याला सांगत होते, "पण मी एकदा वाघाचे रंग असे वेगळे काढले, की पोस्टर वाळत घातलं आणि गल्लीतली कुत्री गाव सोडून गेली!"

"अन् वाघ?"

"तो भला होता. कागद सोडून उतरला नाही."

आत टेबलाशी सुनेला हसू आलं, पण ते टिकलं नाही. साबणवाल्याला आपल्या वेष्टनावरच्या पोपटाचे कागद आत्ताच बघायचे होते, आणि तिने ते अजून दुरुस्त केले नव्हते.

नवरा गेल्यावर तिने माहेरी जायला बॅग भरली होती. सासरे म्हणाले होते, "बस, छपाईचं काम शिकवतो." "मला नाही जमायचं," म्हणून तिने तोंड फिरवलं. त्याच आठवड्यात म्हाताऱ्याचा हात थरथरायला लागला. मग जाणार कशी?

त्या कामात हात थरथरून चालत नाही. चित्रातला प्रत्येक रंग वेगळ्या पारदर्शक कागदावर काळ्या शाईने गिरवायचा. एक रंग शेजारच्या रंगाखाली केसभर सरकवायचा, नाहीतर छापल्यावर मधली पांढरी फट दात विचकते. सासऱ्यांची रेघ नागमोडी जाई. ते जेवायला उठले की ती एकेक कागद मूळ चित्रावर ठेवून नव्याने गिरवी. आधी नुसते डाग पडले. मग हळूहळू हात बसला. गिऱ्हाइकं म्हाताऱ्याच्या हाताची तारीफ करत, ते मिशीला पीळ देत, आणि ती मान खाली घालून छपाईच्या जाळीची स्क्रीन धूत राही. त्यांचं नाव राहिलं म्हणजे झालं.

"पोरी, आण गं पोपट."

"मामंजी, शाई ओली आहे."

"सकाळची शाई? आमच्याकडे काय पाऊस पडतो का घरात? आण."

नाइलाजाने तिने हिरवा, पिवळा, लाल, काळा असे चारही कागद खालून दिवा लावलेल्या काचेवर एकावर एक ठेवले. न सुधारलेले कागद असे एकत्र तिने कधी पाहिलेच नव्हते.

साबणवाला वाकला.

"चोच जरा वाकडी वाटते हो."

"वय झालं," सासरे म्हणाले. "पोपटाचं नाही, माझं. हात कापतो आता."

"पण बसलंय मात्र चपखल! कुठे म्हणून फट नाही."

सून खाली वाकली. लालच्या कागदावरची रेघ जिथे डुगडुगली होती, तिथेच हिरव्याच्या कागदावरचीही डुगडुगली होती, बरोबर केसभर आत. पंखावर तेच. शेपटीवर तेच.

तिने मान वर केली. सासरे खिडकीबाहेर बघत होते.

"मामंजी," ती म्हणाली, "थरथरणारा हात चारही कागदांवर एकसारखा थरथरतो होय?"